अण्णांनी न ऐकलेल्या चार ओळी

वैजू गेल्याची बातमी माझ्याकडे गिऱ्हाईक होऊन आली. सकाळी दुकानाचं शटर निम्मं वर केलं होतं, तेवढ्यात तिचा धाकटा भाऊ शिरीष पायरीशी येऊन उभा राहिला. "कुंदाताई, बुक्का द्या. आन् कापूर." तुळजापुरात देवळाच्या वाटेवर माझं कुंकू-प्रसादाचं दुकान आहे. बुक्का कशाला हवाय, असं मी कधी कुणाला विचारत नाही. त्याला विचारलं. "वैजूताई गेली पहाटं, सोलापूरच्या दवाखान्यात." तापाचं निमित्त झालं. त्याच्या आदल्या आठवड्यात ती माझ्या स्टुलावर बसून बरणीतली खडीसाखर खात होती...

आता महिना उलटलाय. चौकातला श्रद्धांजलीचा फ्लेक्स उतरवला, बरं झालं. त्याच्यावर 'फ्रेंच भाषेच्या गाढ्या अभ्यासक' असं छापलं होतं. वैजू फ्रेंच शिकली होती, पण जीव ओतून शिकली ती अरबी. त्याचा फ्लेक्सवर एक शब्द नाही. घरच्यांनी अर्धी वैजू ती जिवंत असतानाच गाळून टाकली होती. मेल्यावर तसं छापलं, इतकंच.

आम्ही बालवाडीपासूनच्या मैत्रिणी. तिचे वडील, अण्णा, देवीचे पुजारी. त्यांच्या घरात दिवेलागणीला पाठांतर चालायचं आणि त्याचा एक नियम होता. अण्णांसमोर बसून म्हणून दाखवल्याशिवाय पाठ झालं असं म्हणायचं नाही. न अडखळता म्हटलं की अण्णा "झालं" म्हणायचे आणि हातावर खडीसाखरेचा एक खडा ठेवायचे. मला तो क्वचित मिळाला. वैजूला रोज. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात बसायचंच.

त्याच डोक्याच्या जोरावर ती पुण्याला गेली, शिष्यवृत्ती मिळवून फ्रान्सला गेली, आणि तिथून अरबी शिकायला उत्तर आफ्रिकेतल्या ट्युनिसला. फ्रेंच राज्य गेलं तरी तिथल्या शाळा-कचेऱ्यांत फ्रेंच कशी टिकून राहिली, त्यामागचं राजकारण काय, हा तिचा विषय. फोनवर मला सांगायची, "अगं, आपल्याकडं निजाम गेला म्हणून तहसील म्हणायचं सोडलं का कुणी? अण्णा पत्रावर मुक्काम लिहितात, तो शब्दसुद्धा अरबीच की!" तिथल्या गुरुजींनी तिला वर्गात विचारलं होतं, इतकं चोख पाठांतर तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, माझ्या वडिलांनी. समुद्रापलीकडं एका वर्गात अण्णांचं नाव निघालं आणि इथं अण्णा लोकांना सांगत होते, "पोरगी फ्रान्सलाच हाय." ट्युनिसची तीन वर्षं त्यांनी फ्रान्समध्येच मोजली.

आई गेली, अण्णा थकले, शिरीषला दुकानदारीतून सवड नाही, म्हणून वैजू परत आली. लग्न केलं नव्हतं, त्यामुळं ती मोकळी आहे असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं. घरी बसून ती ऑनलाइन फ्रेंच शिकवायची आणि अण्णांचं पथ्यपाणी बघायची. मागायची एकच गोष्ट. ट्युनिसच्या घरमालकीणबाईंनी तिला चार ओळींचं एक गाणं शिकवलं होतं. पाण्याला गेलेली मुलगी परत येते आणि दार उघडायला सांगते, एवढंच त्यात. ते तिला अण्णांना ऐकवायचं होतं.

एकदा मी समोरच होते. "अण्णा, चार ओळी ऐकता?"

"कशाच्या?"

"अरबी. विहिरीचं गाणं हाय. देवाधर्माचं काय न्हाय त्यात."

अण्णा भिंतीला धरून उठले. "फ्रेंच काय असंल ते म्हण. ते दुसरं ह्या घरात नको. देवीच्या दारातलं घर आपलं, लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणणार होते? लोकांना फ्रेंच काय नि अरबी काय, दोन्ही सारखंच. पण अण्णांना लोक दिसायचे, समोर बसलेली मुलगी दिसायची नाही. त्यानंतरही तिनं कितीदा तरी विचारलं. नाही म्हटलं की ती माझ्या दुकानात यायची, स्टुलावर बसून ते गाणं म्हणायची आणि स्वतःच बरणीत हात घालायची. मी एकदा चिडून म्हटलं, "मी ऐकलं की! झालं ना पाठ?" ती हसली. "तू ऐकून काय उपयोग गं? अण्णांनी ऐकल्याबिगर झालं असं व्हत न्हाय." पंचेचाळीस वर्षांची बाई, परदेशात दोन पदव्या घेतलेली! मला तिचा राग आला नाही. अण्णांचा आला, अजून येतो, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

परवा दुपारी अण्णा काठी टेकत दुकानात आले आणि तिच्या स्टुलावर बसले. काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाले, "कुंदे, ती विहिरीचं काहीतरी म्हणायची बघ... तुला येतं का? एकदा म्हण की."

मला येतं. शटर उघडताना, पुड्या बांधताना ते आपसूक ओठांवर येतं, एक अक्षर चुकत नाही.

"न्हाय येत, अण्णा," मी म्हटलं.

ते मान हलवत राहिले. मग थोडी खडीसाखर मागितली. मी तळहातावर घातली. त्यातला एक खडा त्यांनी उठताना स्टुलावर ठेवला आणि बाकीची मूठ तशीच मिटून गेले. मी तो खडा उचलला नाही. संध्याकाळपर्यंत मुंग्यांनी संपवला.