लॅबचं मशीन पहिल्या गटात

आमच्या गावाला, धावड्याला, आमचं रान होतं, पण त्याला पाणी नव्हतं. म्हणून माय आणि दादा दुसऱ्याच्या विहिरीवर बटईनं, म्हणजे वाट्यानं, कपाशीचा सीड प्लॉट करायचे; कापसासाठी नव्हे, बियाण्यासाठी. वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दुपारनंतर मादी झाडाच्या कळ्या नखानं सोलायच्या, आतले केसर काढायचे आणि वर लाल कागदाची टोपी चढवायची. सकाळी नर झाडाचं फूल आणून त्या कळीवर घासायचं. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर मीही त्याच कामात. नखं कायम काळी. मास्तर विचारायचे, "काय रे, पाण्याशी भांडण हाये का तुझं?"

बी तयार झालं की जालन्याच्या कंपनीत जायचं. कंपनी त्यातला नमुना पेरायची. झाडं एकसारखी उगवली तर पास, भेसळ निघाली तर नापास. पास झालं तरच बियाण्याचा भाव, नाहीतर तेलाच्या घाण्याला जाणाऱ्या नुसत्या सरकीचा.

मी दहावी झालो त्या वर्षी आमचा निकालच आला नाही. दादा जीपला लटकून जालन्याला जायचे आणि तसेच परत यायचे. मायनं विचारलं, "नापास झालं का मंग?"

"नापास बी न्हाई अन् पास बी न्हाई. निकालच सापडंना म्हनत्यात."

"असं कसं? पेरलं व्हतं ना त्यांनी?"

"पेरलं व्हतं. लिहिलेलं कुठं गेलं ते त्यांनाच म्हाईत न्हाई. अन् आता तिथं नांगर फिरला."

नापास झालं असतं तर दादा दोन दिवस चिडले असते आणि विसरले असते. पण ह्याला काय म्हणावं तेच त्यांना कळेना. आमचं बी सरकीच्या भावानं गेलं, आणि अकरावीत जायचं सोडून मी वर्षभर दुसऱ्यांच्या रानात राबलो.

पुढच्या वर्षी नाव घातलं. मग जालन्यात कॉलेज, कॉम्प्युटर विषय घेऊन बी.एस्सी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं. हे मी कुणी विचारो न विचारो, सांगतो. कमावलेली गोष्ट लपवायची कशाला?

नोकरी लागली तीही बियाण्याच्याच कंपनीत. दादा जिच्या चकरा मारायचे ती ही नव्हे, दुसरी. दोन हजार सालानंतर सात-आठ वर्षांनी कंपनीनं एक दणकट सर्व्हर घेतला आणि ऑफिसातली सुटी मशीनं त्याच्या पोटात घातली. व्हर्च्युअल मशीन म्हणतात त्यांना. मायला मी समजावून सांगितलं होतं, "एकाच घरात भावाभावांच्या वेगळ्या चुली असत्यात ना, तसं. घर एक, पण परत्येकाला वाटतं आपला संसार न्यारा." ती म्हणाली, "मंग घराला आग लागली तर समद्यांच्याच चुली जाणार की." बॅकअपचं, म्हणजे दुसरी प्रत वेगळी जपून ठेवण्याचं, महत्त्व तिनंच एका वाक्यात सांगून टाकलं. मी नुसता हसलो.

बॅकअप लावायचं काम माझ्याकडं आलं. एकेका मशीनला वेगळी सेटिंग देत बसायचं नव्हतं. मशीनांचे गट पाडायचे आणि नियम गटाला लावायचा: प्रत किती वेळानं घ्यायची, जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या, कुठं ठेवायच्या. नवीन मशीन आलं की नुसतं गटात टाकायचं, नियम त्याला आपोआप लागतो. अडचण एकच होती. बॅकअपच्या डिस्कवर जागा थोडी. सगळ्यांना पहिल्या गटात बसवता येणार नव्हतं.

गट कसे पाडायचे ते मोठ्या साहेबांनी आधीच ठरवलं होतं. लग्नाच्या पंगतीत बसवतात तसं. पहिल्या गटात साहेबांचं मशीन, मग हिशोब, मग विक्री. त्यांची प्रत दर दोन तासांनी. बियाणं तपासणाऱ्या लॅबचं मशीन पार शेवटी, गेटच्या हजेरीच्या जोडीला. आठवड्यातून एक प्रत.

मी म्हणालो, "साहेब, लॅबचं मशीन वर घ्यावं लागेल."

"का? लॅबमधून काय पैसा येतो का? खर्चच आहे तो."

"हिशोब गेला तर बिलं हायेत, पुन्हा भरता येतो. लॅबमध्ये झाडं मोजून निकाल लिहितात. मोजून झालं की प्लॉट मोडतात. ते गेलं तर पुन्हा कुठून आणायचं?"

"अन् जागा?"

"तुमच्या मशीनची प्रत दिवसातून एकदाच घेऊ. मी बघितलंय, त्यात सगळ्यात जास्त जागा लग्नाच्या फोटोंनी खाल्लीय."

साहेबांनी हातातला पेन टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "म्हणजे आता लॅब माझ्यापेक्षा मोठी झाली?"

"न्हाई साहेब. तुमचे फोटो पाहुण्यांकडं बी असतील. निकाल दुसऱ्या कुणाकडं न्हाईत."

बाजूला लॅबच्या मॅडम होत्या. त्यांनी हसू दाबलं. साहेब म्हणाले, "कर तुला बराबर वाटतं तसं. पण बिघडलं तर तुझ्या नावानं पावती फाडीन."

मी गट नव्यानं पाडले. जे पुन्हा करता येत नाही ते पहिल्या गटात. जे कष्टानं का होईना पुन्हा करता येतं ते दुसऱ्यात. जे गेलं तरी कुणाचं अडत नाही ते तिसऱ्यात. लॅबच्या मशीनची प्रत दर दोन तासांनी, आणि रोजची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या डिस्कवर. नुसती सेटिंग करून मी थांबलो नाही. प्रत उघडते का, हे ती एका रिकाम्या मशीनवर चढवून बघितलं. मॅडमना बोलावून दाखवलंही.

त्याच हंगामात, निकाल भरणं चालू असताना एका दुपारी वीज तीन-चारदा गेली आणि आली. सर्व्हरची डिस्क बसली, बरोबरची यूपीएसही बसली. सगळ्या चुली एकदम विझल्या. मॅडम धावत आल्या. "मला एकच सांगा, झाडांच्या नोंदी आहेत का?"

"हायेत. बसा तुम्ही."

 जुना एक सर्व्हर जोडला आणि पहिल्यांदा लॅबचं मशीन चढवलं. साहेब मागं उभे. त्यांनी विचारलं, "माझं?"

"शेवटी, साहेब."

ते खुर्ची ओढून बसले.

लॅबचं मशीन उघडलं. दुपारी बाराच्या प्रतीपर्यंतचं सगळं जिथल्या तिथं होतं. त्यानंतरच्या थोड्या नोंदी गेल्या होत्या. मॅडमनी लगेच फोन लावला, "आजचा प्लॉट मोडू नका, पुन्हा मोजा." तिथली झाडं अजून उभी होती. माणसांनी उन्हं कलायच्या आत पुन्हा मोजली.

निघताना साहेब म्हणाले, "पुढच्या साली गट तूच पाड. मला विचारू नको."

ठरलेल्या दिवशी कंपनीच्या फाटकाजवळच्या फळ्यावर निकाल लागले. पास झालेल्यांचे लागले आणि नापास झालेल्यांचेही लागले. निकाल सापडत नाही, असं एकाही शेतकऱ्याला सांगावं लागलं नाही.