दोन मिनिटांत पुढारी निवडा

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर मी बसतो आणि यार्डात माझा साडू. उसाचा ट्रॅक्टर आला की त्याला नंबर देणं हे त्याचं काम, मग त्याचं वजन करणं हे माझं. मधे अंतर पन्नास पावलांचं. एवढ्या जवळ बसून आम्ही चार हंगाम एकमेकांशी एक शब्द बोललो नाही.

कारण भारदस्त होतं. मेव्हण्याच्या लग्नात भर मांडवात सत्कार झाले. मला, म्हणजे थोरल्या जावयाला, टोपी-टॉवेल आणि ह्या धाकट्याला फेटा. मेव्हणा म्हणाला, फेटे संपले. संपले कसे? सत्कार काय धाकट्यापासून सुरू केले होते? बरं, ह्यानं तरी काढून ठेवावा! वरातीत फेटा, पंगतीत फेटा, एसटीतून माजलगावात उतरला तरी डोक्यावर फेटाच.

तेव्हापासून आमचा कारभार ट्रॅक्टर ड्रायव्हरांमार्फत चाले. "त्या काट्यावरच्याला सांग, मोठी गाडी आधी घे." "त्या यार्डातल्याला सांग, मला शिकवू नको." ड्रायव्हर निरोपात स्वतःचा मसालाही घालत. गेल्या हंगामात ह्या भानगडीत दोन ट्रॅक्टर दोन्हीकडून एकदम काट्यावर चढले आणि तोंडाला तोंड लावून उभे राहिले. मागे रांग अडकली, गव्हाणीत ऊस पडेना, गाळप तासभर बंद.

मॅनेजरसाहेबांनी दोघांना समोर उभं केलं. "पुढच्या हंगामाच्या आत बोलायला लागा. नाहीतर एकाची बदली कर्नाटकातल्या युनिटला."

तो एक मीच, हे मला ठाऊक होतं. दोनशे ट्रॅक्टरांच्या गर्दीत शिव्या खात नंबर लावणारा गडी सहजी मिळत नाही. काट्यावर मात्र आता कॉम्प्युटर आहे, कुणालाही बसवता येतं. घरी सांगितलं तर बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "जावा. तिथं तरी कुणाशी बोलाल."

तरी आधी बोलणार मी नव्हतो. थोरला होतो.

दसरा झाल्यावर पुण्याहून ट्रेनर बाई आल्या. टीम बिल्डिंग करायचं म्हणून सगळ्या स्टाफला बसमध्ये घालून धारूरच्या किल्ल्याजवळच्या माळावर नेलं. बाईंच्या गळ्यात शिट्टी, चेहऱ्यावर आमच्यावरचा अपार विश्वास. पहिला खेळ: डोळे मिटून मागे पडायचं, सहकारी झेलतील. आमचे चीफ केमिस्ट पुढे आले. मी वजनाचा माणूस. त्यांच्याकडे बघून अंदाजे एकशे बारा किलो, असं जाहीर केलं आणि बाजूला झालो. माझ्यामागून सगळेच झाले. केमिस्ट डोळे उघडून परत गेले.

दुसऱ्या खेळात अकरा-अकराच्या टोळ्या. लोखंडी कडीला अकरा दोऱ्या, कडीवर चेंडू. प्रत्येकानं एक दोरी धरायची आणि चेंडू न पाडता समोरच्या कडुलिंबापर्यंत न्यायचा. साडू माझ्याच टोळीत. बाई म्हणाल्या, "आधी दोन मिनिटांत तुमचा लीडर निवडा."

अरेरे! बीड जिल्ह्यात येऊन अकरा माणसांना पुढारी निवडायला सांगायचं, तेही दोन मिनिटांत? आमच्याकडे उमेदवाराला "नको, नको, माझं नाव घेऊ नका" म्हणायलाच अर्धा तास लागतो.

स्टोअरकीपर उभा राहिला. लगेच सुरक्षा अधिकारी त्याच्या विरोधात. "बिनविरोध होऊ द्या," असं एकजण म्हणाला, त्याला दोन्हीकडून झापलं. दोन पॅनल झाले. एक गट बसच्या आड गेला, दुसरा दगडांमागे. बाई शिट्ट्या वाजवत होत्या. आम्हाला वाटलं, कुणाचा तरी प्रचार चालू आहे.

मोजदाद झाली. स्टोअरकीपरकडे पाच, सुरक्षेकडे चार, उरलो आम्ही दोघं साडू. स्टोअरकीपर मोठ्यानं म्हणाला, "ती दोन मतं धरूच नका. एक इकडं गेलं की दुसरं तिकडं जातंय. निकाल लागला समजा!" आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

अपमान सहन करायची माझी सवय आहे, पण मोजणीतून वगळणं? आयुष्यभर दुसऱ्याचं वजन केलेल्या माणसाला? मी तडक साडूकडे गेलो. तो बांधावर बसून सीताफळ खात होता.

"पाव्हणं."

त्यानं मागे वळून पाहिलं. "कुणाला म्हनता?"

"हितं दुसरं कोन हाय?"

"चार वर्सांनी वाचा फुटली व्हय? कावून?"

"स्टोअरवालं आपल्याला माणसात धरंना."

"मी बी ऐकलं." त्यानं बिया थुंकल्या. "दोघं सुरक्षेला दिऊ. सहा-पाच. पर फुकट न्हाई, दाजी. मला उपाध्यक्ष करा म्हनावं."

"आन् मला?"

"तुमी सल्लागार."

"सल्लागार? थोरला मी हाय का तू, बे?"

मग जी जुंपली! चार वर्षांचं तुंबलेलं दहा मिनिटांत वाहून गेलं. शेवटी चेंडूच्या त्या खेळाला दोन उपाध्यक्ष ठरले. सुरक्षा अधिकाऱ्यानं तिथंच मंजुरी दिली. हात वर झाले, सहा-पाच. स्टोअरकीपर ओरडला, "गद्दारी! फेरमोजणी!" आम्ही दोघं त्याच्यावर तुटून पडलो. माझं अर्धं वाक्य साडू पुरं करत होता.

तोवर बाकीच्या टोळ्या चेंडू पोचवून जेवायला बसल्या होत्या. आमच्या दोऱ्यांना हातसुद्धा लागला नव्हता. बाईंनी आम्हाला शून्य दिलं. मॅनेजरसाहेब ताट हातात घेऊन आमचा गोंधळ बघत उभे होते.

"हे दोघं बोलतेत?" त्यांनी विचारलं.

"भांडताहेत, सर," बाई रडवेल्या होऊन म्हणाल्या.

"तेच की. राहू द्या ते कर्नाटकाचं," साहेब म्हणाले आणि भजी घ्यायला गेले.

अशा शिबिरांचा उपयोग होत नाही म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालतो. खेळानं काय साधतं ते बाईंना ठाऊक. पण माणसांना ऑफिसातून उचलून माळावर सोडा, कटकारस्थानाला मोकळी जागा द्या, ती आपोआप एकमेकांना शोधतात.

हंगामाच्या पहिल्या दिवशी साडूनं थेट फोन केला. "दाजी, पुढच्या गाडीचं मागलं टायर बसलंय. सावकाश घ्या."

"मला कळतंय."

"लई कळतंय!"

ट्रॅक्टर काट्यावर चढून उतरला तरी आमचं चालूच होतं.