ज्याचा पित्तर म्हणून मी बसलो

मी एका माणसाचा पित्तर म्हणून जेवलो, तेव्हा तो मेला होता की जिवंत होता, हे कोणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. तरी जेवलो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला भला माणूस वगैरे समजणार नाही.

आमच्याकडे पितृपक्षात पित्तर बसवतात. घरातला जो गेला, त्याच्या वयाचा एखादा जिवंत माणूस बोलवायचा, त्याचे पाय धुवायचे, कपाळाला कुंकू लावायचं आणि पाटावर बसवून गेलेल्याला आवडायचं ते सगळं त्याला वाढायचं. तेवढ्या वेळापुरता तो माणूस म्हणजे गेलेलाच. त्याने पोटभर खाल्लं की तिकडे पोचलं. एरवी दक्षिणेकडे तोंड करून कोणी जेवत नाही, पण काकांच्या घरी पित्तराला तसंच बसवायची रीत होती.

काका म्हणजे माझे कोणी सख्खे नव्हेत. मी नागपूरजवळच्या वाडीत एका ट्रान्सपोर्टच्या गोदामात बिल्ट्या बनवतो, कोणाचा माल कुठून कुठे चालला त्याचे कागद. काका त्याच रस्त्यावरच्या धरमकाट्यावर बसायचे. आधी रिकामा ट्रक काट्यावर चढवायचा, मग भरलेला, आणि दोन्ही वजनं कागदावर लिहून द्यायची. अख्खी जिंदगी त्यांनी हेच केलं. ज्याचं वजन झालं नाही अशी गोष्ट त्यांना सहनच व्हायची नाही. दुपारचा चहा आम्ही सोबत प्यायचो, मी बडबड करायचो आणि ते हूं हूं करायचे.

त्यांना एकच पोरगा, माझ्याच वयाचा. मी त्याला दोनदा पाहिलं असेल. कोण्या एजंटाने त्याला सांगितलं की बर्फाच्या देशात गोदामात नोकरी आहे. तिथे उतरल्यावर त्याला वर्दी चढवली आणि लढाईत लोटून दिलं. शेवटी त्याचा आवाज आला तो मोबाईलवर: "आई, आमचे फोन जमा करून राहिले. तू फिकीर नको करजो." त्यानंतर काही नाही. दिवाळी गेली, संक्रांत गेली, उन्हाळा गेला, पोळाही गेला.

सर्वपित्री अमावास्येच्या दोन दिवस आधी काका मला म्हणाले, "तू बसशीन काय गा?"

"कुठे?"

"पोट्ट्याच्या पानावर."

माझं डोकं तसंही लवकर तापतं. "काका, येडे झाले काय तुम्ही? कागद आला काय? कोणी सांगितलं काय तुम्हाले?"

"कागद नाही आला, म्हणून तर म्हणून राहिलो. असं अधांतरी किती दिवस राहायचं? गेला असन तर उपाशी फिरत असन तिकडे."

"अन् नसन गेला तर?"

काका समोरचा ट्रक काट्यावरून उतरेस्तोवर त्याच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चौघांले विचारलं. कोणी हो नाही म्हणत. म्हणते, जिवंत माणसाच्या पानावर बसलं तर बसणाऱ्याच्या जिवाले लागते. तुह्या मागं रडणारं कोणी नाही, म्हणून म्हटलं तुले विचारू."

अस्सा राग आला मला! पण बोलणं खोटं नव्हतं. आई मी तीन वर्षांचा असताना गेली, बाप तिच्याही आधी. काटोलला मामाने वाढवलं, वाढवलं म्हणजे दिसेल तेव्हा हाकललं. एक दिवस भांडून नागपूरची बस धरली, ती उलटी कधी धरली नाही. खानावळीत पाच मिनिटांत जेवण उरकणारा माणूस मी. कोणी माझे पाय धुणार, मला समोर बसवून वाढणार म्हटल्यावर राग राहिला बाजूला आणि मन आधीच पाटावर जाऊन बसलं. मी हो म्हणालो.

काकांनी हे काकूंना सांगितलंच नव्हतं. काकूंच्या लेखी पोरगा जिवंत होता आणि विषय संपला होता. म्हणून अमावास्येच्या सकाळी काकांनी त्यांना सक्करदऱ्याला बहिणीकडे धाडलं आणि स्वतः स्वयंपाक केला. उडदाचे वडे बाहेरून काळे, आतून कच्चे. कोहळ्याची भाजी, पुऱ्या, कढी, तांदळाची खीर. खीर खाली लागली होती, घरभर करपट वास. गोवरीच्या निखाऱ्यावर त्यांनी पितरांच्या नावाने तुपाची आगारी टाकली, माझे पाय धुतले, खांद्यावर नवा दुपट्टा टाकला, कुंकू लावलं. अर्धं कुंकू नाकावर सांडलं. मग पोराचं नाव घेऊन मला म्हणाले, "जेव बाप्पा."

त्या नावाला मी मनातल्या मनात ओ दिली होती.

खीर पुरीला लावून मी पहिला घास घेतला आणि गिळला. तेवढ्यात फाटक वाजलं.

काकू चार्जर विसरल्या होत्या. पोराचा फोन येईल म्हणून त्या मोबाईल क्षणभर बंद पडू देत नसत, चार्जरशिवाय घराबाहेर पडत नसत. अर्ध्या रस्त्यातून ऑटो वळवून आल्या. दारात उभ्या राहून त्यांनी सगळं पाहिलं. आगारीचा धूर, पाट, माझ्या खांद्यावरचा नवा दुपट्टा, माझं तोंड कुठल्या दिशेला आहे ते. किंचाळल्या नाहीत की रडल्या नाहीत. एकच विचारलं.

"घास घेतला काय?"

"नाही काकू," मी म्हणालो.

का म्हणालो, देव जाणे. त्यांच्या तोंडाकडे पाहून निघून गेलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. घास गिळताना त्यांनी मला बघितलं होतं.

"ऊठ," काकू म्हणाल्या. मी उठलो. त्यांनी ताट उचललं, खीर मोरीत ओतली, वडे बाहेर कुत्र्याला टाकले. पाट फरफटत पूर्वेकडे फिरवला. मग चूल पेटवून पिठलं-भाकर केली आणि मला परत बसवलं. "आता जेव. पाहुणा म्हणून जेव. माह्या घरी पित्तर-बित्तर कोणी नाही." मी जेवलो. इतकं गरम अन्न मला कोणी आयुष्यात वाढलं नव्हतं.

निघताना म्हणाल्या, "रविवारी येजो."

तो रविवार, मग प्रत्येक रविवार. मी काय नाही म्हणतो! आठवडाभर गोदामात ड्रायव्हरांशी शिवीगाळ करायची आणि रविवारी आंघोळ करून, भांग पाडून काकूंकडे जायचं. टीव्हीवर सतत त्या लढाईचे नकाशे, लाल-निळे पट्टे. काकूंना त्यातलं काही कळायचं नाही, पण बंद करू द्यायच्या नाहीत. मला वाढता वाढता नकाशाकडे बघायच्या. थंडीत त्यांनी पेटीतून पोराचा स्वेटर काढला. "घाल, तुले होईन." स्वेटर मला असा बसला जसा माझ्याच मापाने विणला होता. काका उठून बाहेर गेले आणि मी निघेस्तोवर आत आले नाहीत.

आल्या-गेल्याला काकू एकच सांगायच्या. "पित्तर जेवलाच नाही जी. पानावरून उपाशी उठला. मग माहा पोट्टा पित्तर झाला कसा?" आणि पुरावा म्हणून माझ्याकडे बोट दाखवायच्या. मी मान हलवायचो. लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघायचे. गल्लीतली एक बाई तर मला पाहिलं की पोरांना आत घ्यायची.

त्या घराची सगळी आशा माझ्या एका खोट्यावर उभी होती, आणि ते खोटं मी दर रविवारी पोळी-भाजीबरोबर खात होतो. सांगावं तर त्यांचा पोरगा जातो आणि माझी आई जाते. हो, आईच. तोवर मी मनात तोच शब्द वापरायला लागलो होतो, तोंडाने मात्र काकू.

काका एकदा चहाच्या टपरीवर हळूच म्हणाले, "मी पाह्यलं होतं गा."

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"तोंड तुहं होतं," म्हणाले आणि कप ठेवून काट्यावर गेले.

मे महिन्यात इकडेही युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या. वाडीत सायरनची तालीम झाली. संध्याकाळी चारच्या उन्हात तो भोंगा असा काही रडायला लागला की टपरीवरचे सगळे आधी हसले आणि मग कप ठेवून उठले. मी पळत काकूंकडे गेलो. त्या ओट्यावर उभ्या, मोबाईल छातीशी.

"तिकडेही असाच वाजत असन काय गा? वाजल्यावर पळायले जागा असन काय त्याइले?"

"असते ना काकू. पक्की तळघरं असतात." मला काय माहीत! पण आता मला सवयच झाली होती.

सगळ्यात वाईट गोष्ट अजून सांगितली नाही. त्या घरात फोन वाजला की माझा घास हातातच राहायचा. आधी मला वाटलं, वाईट बातमीची भीती आहे. मग एका रविवारी ध्यानात आलं की चांगल्या बातमीचीही तेवढीच भीती वाटते. तो परत आला तर ही जागा त्याची, स्वेटर त्याचा, ती त्याची. असलं मनात येणाऱ्या माणसाला पायताणाने हाणलं पाहिजे. पण यायचं खरं. आणि मग वाटायचं, पाटावर बसून मी एक घास खाल्ला तो खाल्लाच, आता मी असल्या विचारांनी त्याला रोज थोडा थोडा खातो आहे.

श्रावणात फोन आला तो काकांच्या मोबाईलवर, काट्यावर. मी समोरच होतो. काका चार वेळा "हो जी" म्हणाले. फोन ठेवून त्यांनी उभ्या ट्रकचं वजन घेतलं, पावती लिहिली. ड्रायव्हर ओरडला, "चाचा, भरी गाडी को खाली लिख दिया!" काकांनी आयुष्यात अशी चूक केली नव्हती. ते माझ्याकडे बघून म्हणाले, "कागद आला."

विमानतळावर माल सोडवायला काकांबरोबर मी गेलो, कारण कागदांचं मला समजतं. माल म्हणतोय मी. जिभेला सवय जडली आहे, काय करू. पेटी एक. पाठवणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, वजन. मृत्यूच्या तारखेचा रकाना मी तीन-तीनदा पाहिला. मला तेवढंच पाहायचं होतं, अमावास्येच्या आधी की नंतर. रकाना कोरा होता. काउंटरवाल्याला विचारलं तर म्हणाला, तिकडून असंच आलं आहे. काकांनी माझ्या हातातून कागद घेतला, वजन वाचलं आणि मला विचारलं, "एवढाच? पेटीसकट?" मी त्यांना सहीची जागा दाखवली.

काकूंनी पेटी उघडू द्या म्हटलं नाही. अग्नी काकांनी दिला. तेरवी झाली, माणसं पांगली. दुसऱ्या दिवशी दुपारी काकू मागच्या अंगणात तेरवीच्या स्वयंपाकाचे मोठाले गंज, पातेली घासत होत्या, मी पाणी टाकत होतो. काका आत झोपले होते. आता आशा नावाची गोष्ट उरलीच नव्हती, मग ते खोटं कशासाठी सांभाळायचं? आणि खरं सांगतो, मला ते आतून सडवून राहिलं होतं.

"काकू, त्या दिवशी मी खोटं बोललो. घास घेतला होता मी. गिळला होता."

त्यांचा हात थांबला नाही. "माहीत आहे मले."

"कधीपासून?"

"तवाच. खीर तुह्या मिशीले लागली होती."

मी मग्गा घेऊन तसाच उभा. "मग वर्षभर तुम्ही लोकांना सांगत होत्या..."

"तर काय करू बाप्पा? सारी वाडी मले खरंच सांगून राहिली होती. तुहे काका खरं सांगत, टीव्ही खरं सांगे, सक्करदऱ्याची बहीण खरं सांगे. माह्यासाठी खोटं बोलणारा तू एकटा भेटला. म्हणून तर तुले ठेवलं."

मला रडू फुटलं. शरम सोडून मी विचारलं, "पण मी जेवलो म्हणून तर तो गेला नसेल ना?"

काकूंनी पहिल्यांदा मान वर केली.

"तसं वाटते मले," त्या म्हणाल्या. "तुले पाह्यलं का रोज वाटते. खोटं कायले बोलू? तरी तुहं पान वाढते का नाही?"

राखेने भरलेला हात त्यांनी माझ्या पायाला टेकवून मला बाजूला सरकवलं, गंज पालथा घातला आणि पुढचा ओढला. मग त्याच आवाजात, उद्या भाजी काय आणायची ते सांगावं तसं म्हणाल्या, "मी गेली का माह्या पानावर बाई तू बसवजो. तुह्या काकाच्यानं होत नाही ते, वडे जाळते तो. अन् एक ध्यानात ठेव. ती बाई एकदा घास घेईन तर तिले मधातून उठवू नको. पोटभर जेवू देजो."

मी हो म्हणालो. 'हो काकू' म्हणणार होतो, पण तोंडातून दुसराच शब्द निघाला. त्यांनी तो ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि म्हणाल्या, "पाणी टाक."