सुभेदारांचं पितळी रीळ

पहिल्या दिवाळसणाला मी सासुरवाडीत गळ टाकून म्हैस धरली. म्हैस सासूबाईंचीच होती, म्हणून प्रकरण घरातल्या घरात मिटलं.

यात दोष माझा किती आणि म्हशीचा किती, हे ठरवण्याआधी एक कबूल करतो. निवड करणं हा माझा प्रांत नव्हे. मी आणलेलं कलिंगड आतून पांढरं निघायचं. मी पसंत केलेला बैल नांगराला जुंपला की खाली बसायचा (आणि सोडला की उड्या मारायचा!). त्यामुळे माझ्या लग्नाची वेळ आली तेव्हा आत्यानं मला विचारलंच नाही. वडिलांना बरोबर घेऊन ती मुलगी बघून आली, सुपारी फोडून आली आणि मला म्हणाली, "तू फकस्त मुंडावळ्या बांधून हुबा ऱ्हा. बाकीचं मी बघते."

लग्न झालं, मग जर्मन-जपानची लढाई संपली आणि पाठोपाठ दिवाळी आली. आमचं गाव वडूजच्या अलीकडं, माळावर. गावात सायकल एकही नव्हती. लढाईच्या दिवसांत सायकल मिळणं म्हणजे दिव्यच होतं, पण माझे सासरे पलटणीतून सुभेदार म्हणून परत आलेले, चार ठिकाणी ओळख असलेले. दिवाळसणाला ते जावयाला सायकल देणार, हे मी मनाशी धरलं. मनात मावेना म्हणून गावभर सांगितलं. मी सायकलवर बसून परत येणार त्या दिवशी वेशीत हलगी वाजवायची, असं मित्रांनी ठरवून टाकलं. आता सायकल नाही मिळाली, तर मला रात्रीच्या अंधारातच गावात शिरावं लागलं असतं.

निघताना आत्यानं मला रुसायला शिकवलं. पहिल्या दिवाळीला जावयानं ताटावर रुसायचं असतं, हे मला माहीत होतं. पण त्यातही एवढी कवायत असेल असं वाटलं नव्हतं.

"पयला घास हातात घ्यायचा आन थांबायचं," आत्या म्हणाली. "काय पायजे म्हणून इचारलं तरी तोंड उघडायचं न्हाई. आपण मागितलं की हलकं दिसतं. त्यांनीच वळखायचं."

"आन न्हाई वळखलं तर?"

"सुभेदार हाय त्यो! डोंगराआडचा दुश्मन वळखलाय. समोर बसलेला जावई न्हाई वळखणार?"

सासुरवाडी भिलवडीच्या बाजूला, कृष्णेच्या काठावर. आमच्याकडं ओढ्याला पाणी आलं की लोक पोराबाळांसह बघायला जायचे, आणि इथं घराच्या मागच्या दारातून नदी दिसत होती! मी पोहोचलो त्या संध्याकाळी सुभेदार मला ओट्यावर घेऊन बसले. भरदार मिशा, ताठ पाठ आणि मऊ आवाज, असा माणूस. लढाईच्या गोष्टी सांगतील म्हणून मी सरसावून बसलो, तर ते माशांवर घसरले. त्यांच्या साहेबाला म्हणे मासेमारीचा नाद. डोंगरातल्या नदीत उभं राहून तो पिसांत गळ लपवलेली खोटी माशी पाण्यावर नाचवायचा. मासा फसायचा. मग मासा धरायचा, त्याच्याकडं कौतुकानं बघायचं आणि पुन्हा पाण्यात सोडायचा.

"सोडायचा?" मी विचारलं.

"सोडायचा! साहेब म्हणायचा, सुभेदार, मासा खायाचा असंल तर बाजारात जा." विलायतेला परत जाताना साहेबानं आपली सगळी सामग्री सुभेदारांना देऊन टाकली होती.

सासूबाई आतून म्हणाल्या, "आवं, जावयाला जेवू तरी द्या. लेक सासरी गेल्यापासनं ऐकायला कुणी न्हाई, म्हणून घावंल त्याला धरत्यात बगा."

सुभेदार गोष्ट अर्ध्यातच सोडून उठायला लागले. मला त्यांची फार दया आली. आणि (खरं सांगायचं तर) सायकलही डोळ्यापुढं आली. मी म्हणालो, "सांगा की मामा. मला बी लय नाद हाय मासं धरायचा."

"वडूजला?" सुभेदारांनी विचारलं.

"व्हय की."

"कशात?"

"पावसाळ्यात," मी म्हणालो. यापुढं त्यांनी काही विचारलं नाही, पण त्यांचे डोळे असे उजळले की मला आपण फार मोठं पुण्यकर्म केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे उटणं झालं, आंघोळ झाली, दुपारी पंगत बसली. मी पहिला घास उचलला आणि थांबलो. सगळे हसले. सासूबाई म्हणाल्या, "रुसलं जावईबापू! काय पायजे बोला!" मी आत्याला स्मरून ओठ मिटले आणि नजर तुळईवर लावली. सुभेदार मिशीत हसले. "आमी वळखलंय," असं म्हणून ते भरल्या ताटावरून उठले. मला वाटलं, ते आता घंटी वाजवत येणार.

ते आले ते पत्र्याची ट्रंक घेऊन! ट्रंकेतून त्यांनी लुगड्याच्या तुकड्यांत बांधलेली तीन रिळं काढली आणि माझ्या ताटापुढं ओळीनं मांडली. माशी बांधलेला दोर गुंडाळायची ती चाकं. तीच साहेबाची सामग्री.

"ह्यातलं कुठलं बी एक तुमचं," ते म्हणाले. "काठी हाय माजी, पर रीळ ज्याचं त्यानं निवडायचं. हाताला जमंल त्ये घ्या. तुमी जाणकार, मी काय सांगू?"

सायकल हवेत विरून गेली. पण समोर सासऱ्यांचा चेहरा असा, की जणू लहान मुलानं स्वतःची लाडकी गोटी आपल्याला द्यावी. मी घास ताटात ठेवला, हात धुतले आणि निवडायला बसलो.

पहिलं रीळ बुटकं, काळं, हातात घेतल्याचं कळूही नये इतकं हलकं. शिवाय त्याला सगळीकडून भोकं! फिरवलं तर कर्र कर्र वाजलं. दुसऱ्याची मूठ डाव्या हातानं फिरवायची होती, ते मी शुभकार्यात नको म्हणून बाजूला ठेवलं. तिसरं मात्र अस्सल पितळेचं, बत्त्यासारखं जड. आमच्याकडं भांडं घेताना आधी वजन बघतात. जे जड ते खरं.

तरी सुभेदारांची नजर काळ्यावर रेंगाळतेय असं वाटून मी पुन्हा काळ्याला हात लावला. तेवढ्यात दाराआडून बांगड्या वाजल्या. दाराआड सणाला आधीच माहेरी आलेली माझी बायको कौसल्या उभी होती. वडीलधाऱ्यांसमोर नवऱ्याशी बोलायची सोय नाही, म्हणून बिचारी बांगड्यांनी बोलत होती. मी हात मागं घेतला, बांगड्या थांबल्या. पुन्हा लावला, पुन्हा जोरात वाजल्या! बायको सावध करतेय हे न कळण्याइतका मी खुळा नव्हतो. मी पितळी रीळ उचललं. आत कुणीतरी कपाळावर हात मारल्याचा आवाज आला, पण तिकडं लक्ष द्यायला मला वेळ नव्हता.

"हे?" सुभेदारांनी जरा थांबून विचारलं. "ते मोठ्या माशाचं हाय. नवशिक्याला... पर तुमी काय नवशिकं न्हाई."

"न्हाई न्हाई," मी म्हणालो.

संध्याकाळी मी रीळ मांडीवर घेऊन बसलो. तेही वाजत होतं! काळ्याहूनही मोठ्यानं. आमच्या गावात गाडीचं चाक करकरलं की लोक मालकाला शिव्या देतात. सासऱ्यांच्या साहेबाची वस्तू, आणि तिला वंगण नाही? मी गोठ्याबाहेर उभ्या असलेल्या बैलगाडीखाली वाकलो, आसाला लावायचं काळं वंगण बोटभर काढलं आणि रिळाच्या आत गच्च भरलं. कर्र बंद! चाक कसं लोण्यासारखं फिरायला लागलं. मग दोराच्या टोकाकडं गेलो, तर तिथं माशी बांधायला केसाएवढा धागा. त्यावर काय भरवसा ठेवायचा? मी तो काढून अंबाडीची सुतळी बांधली आणि दोराचं दुसरं टोक रिळाला कासऱ्याच्या गाठीनं पक्कं केलं. सासऱ्यांना खूश करायला आणखी काय करता येईल, हाच विचार करत झोपलो.

सकाळी आम्ही नदीवर गेलो. कौसल्याही धुणं घेऊन मागोमाग आली. धुण्यात एकच पंचा होता, हे मला नंतर आठवलं. सुभेदार गुडघाभर पाण्यात उभे राहून म्हणाले, "काठी मागं घ्यायची, वाईच थांबायचं, मग पुढं. माशी पाण्यावर पिसासारखी पडली पायजे."

काठीच्या बुडाला ते पितळ असं लोंबत होतं की काठी हातात ठरेना. मी दोन्ही हातांनी धरली, पाय रोवले आणि बैलाला चाबूक ओढावा तशी मागं घेतली. मग वाईच थांबलो. मग पुढं ओढली, तर येईना!

"मामा, लागला! लय मोठा हाय!"

"पर माशी अजून पाण्यात गेलीच न्हाई की!" सुभेदार ओरडले.

मी मागं वळून बघितलं. सासूबाईंची लाडकी म्हैस चंद्री धार काढून झाली की आपली आपण नदीवर यायची, तशी ती आली होती. साहेबाची पिसांची माशी तिच्या शेपटीच्या गोंड्यात जाऊन बसली होती. चंद्रीनं शेपटी झाडली. माशी सुटेना. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं, मान खाली घातली आणि घराच्या दिशेनं उधळली.

"रीळ दाबा! करकर वाजंल, आपोआप आवळंल!" सुभेदार ओरडले. पण करकर होती कुठं? ती मी वंगणात पुरली होती! चाक भिंगरीसारखं सुटलं, दोर माझ्या हाताला, गळ्याला, काठीला वेढे घालत निघाला आणि शेवटी कासऱ्याची गाठ आली. ती कसली सुटते! मला हिसका बसला आणि मी चंद्रीच्या मागं पळायला लागलो.

"सोडून द्या आवं!" कौसल्या ओरडली.

"मामांची वस्तू हाय!" मी ओरडलो. खरं तर सोडायचं म्हटलं तरी मी दोरात पुरता बांधला गेलो होतो.

उसाच्या कडेनं, मारुतीच्या देवळासमोरून, आळीतल्या सगळ्या रांगोळ्यांवरून आमची वरात गेली. अंगणात सासूबाई करंज्या तळत होत्या. झारा हातात घेऊन त्या उभ्या राहिल्या. "आगं बया! जावयानं माजी चंद्री कुठं चालवलीया?"

चंद्री तडक गोठ्यात घुसली. तिथं एका कोपऱ्यात कडब्याच्या पेंढ्या रचल्या होत्या, त्यांना वळसा घालून ती वळली. दोरानं पेंढ्या ओढल्या, पेंढ्या कोसळल्या आणि मागून एक नवी कोरी, काळी कुळकुळीत सायकल पुढं आली. हँडलला कुंकू लावलेलं, झेंडूची माळ घातलेली! मी डोळे भरून बघत होतो तोवर दोराचा वेढा सायकलला पडला, सायकल आडवी झाली आणि चंद्री दमून पुढच्या चाकावर बसली.

सुभेदार धापा टाकत आले. मागं कौसल्या, हातात तोच पंचा.

"पाडव्याला द्यायची हुती," सुभेदार हळूच म्हणाले. "पर तुमी मासं धरता म्हणलं, तवा वाटलं, ह्यो माणूस आपल्या नादाचा निघाला. मग ऱ्हावंना. सायकलीआधी रीळ दिलं."

मला फार वाईट वाटलं. म्हैस, सायकल आणि सासरे, तिघांची एकदमच माफी मागायची होती. "मामा," मी म्हणालो, "मी उभ्या जन्मात मासा धरलेला न्हाई. आमच्या गावात पाणीच न्हाई."

"ते मला म्हाईत हाय," सुभेदार म्हणाले. "वडूजला मी दोन वेळा येऊन गेलोय. पर माजं ऐकायला कुणीतरी हौसंनं बसलं, त्येच लय झालं." आणि त्यांच्या मिशा थरथरायला लागल्या. मला वाटलं रडतात, तर ते हसत होते! हसता हसता ते कडब्यावरच बसले. सासूबाईंनी आधी चंद्रीच्या शेपटीला हळद लावली, मग मला.

इतका वेळ पदर तोंडाला लावून उभी असलेली कौसल्या सगळ्यांसमोर पहिल्यांदाच माझ्याशी बोलली. "आवं, एवढ्या बांगड्या वाजवल्या, काळं घ्या, काळं घ्या म्हणून! हलकं, हाताला सोपं. मी त्याच्यावरच शिकले."

"तू?"

"मग तुमच्या मामांसंगं नदीवर कोण जात हुतं? चंद्री?" सासूबाई म्हणाल्या.

पाडव्याच्या सकाळी सुभेदारांनी काळं रीळ कौसल्येच्या हातात दिलं. लेकीनं काठी मागं घेतली, वाईच थांबली आणि माशी पाण्यावर पिसासारखी उतरली. रीळ कर्रर्र वाजलं. मासा किती मोठा होता हे मी सांगत नाही, माझ्यावर आता कोण विश्वास ठेवणार? बापलेकींनी त्याच्याकडं कौतुकानं बघितलं आणि सोडून दिला. सुभेदारांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला सायकलचा विसर पडला. अगदी घटकाभर पडला.

परत आलो तेव्हा वेशीत हलगी वाजत होती. मी सायकलवर बसून येणार म्हणून गाव जमलं होतं. पुढचं चाक वेडंवाकडं झालेलं, म्हणून सायकलच माझ्या खांद्यावर बसून आली. मागून कौसल्या काळं रीळ पदरात बांधून चालत होती.

पुढं दर दिवाळीला आम्ही कृष्णेवर जायचो. सुभेदार माशी बांधायचे, कौसल्या गळ टाकायची आणि मी लांब उभा राहून चंद्रीचं दावं धरायचो. एकदा आत्याही बरोबर आली होती. कौसल्येचा हात बघून ती माझ्या कानाशी म्हणाली, "बघ, कशी निवडली?" मी मान हलवली. माझ्या घरात आजवर एवढी एकच निवड बरोबर निघाली, आणि तिच्यात मला कुणी विचारलं नव्हतं.