दत्ताने बघितलेली हिमनदी

आमच्या ग्रुपचा एक किस्सा सांगायला घ्यावा, तर मागून दुसरा शेपूट हलवत येतोच. क्रूझवरून परत येऊन किती दिवस झाले, अजून रोह्याच्या नाक्यावर चहा गार होतो पण किस्से संपत नाहीत. हसून घेतो. नाहीतर करणार काय?

*

धाटावच्या केमिकल कंपनीत आम्ही तिघे एकाच शिफ्टला. मी, निडीचा पाटील आणि गडबचा दत्ता. आता तिघेही रिटायर. शुगरने दत्ताचे डोळे खाल्ले. डॉक्टर म्हणाले, "काय बघायचं ते आत्ताच बघून घ्या." आम्हाला वाटलं, हा काशी म्हणेल. हा म्हणतो, "हिमनदी!"

कंपनीत बॉयलरसमोरच्या भिंतीवर जुन्या कॅलेंडरातलं हिमनदीचं चित्र होतं. निम्मं आयुष्य हा घाम पुसत तेच बघत राहिला. मग काय, निघालो तिघे बायकांना घेऊन नॉर्वेला!

*

पहिल्याच सकाळी पाटील डेकवर बेचैन. नाक वर करून फिरतोय. "अरे, कसलाच वास येत नाय! प्लांट बंद पडला काय?"

सगळे हसले. मला नाही हसू आलं. इतकी वर्षं आपण काय हुंगत होतो, ते त्या दिवशी कळलं.

*

सुमनवहिनी, म्हणजे दत्ताची बायको. तिने पेणचे पोह्याचे पापड नेले होते. बोटीच्या किचनमध्ये खुणा करून भाजायला दिले. आचाऱ्याने कच्चेच आणले, वर काकडी ठेवून, मस्त सजवून! वहिनी म्हणाली, "खावा गप, एवढ्या हौसेने केलंय त्याने."

दत्ताने एक घास चावला. "गो, ह्यो काय कागद हाय?"

*

फ्योर्ड म्हणजे दोन्हीकडे सरळसोट कडे आणि मध्ये खाडी. गाइड धबधबे दाखवायची. तिच्याआधी दत्ता हात करायचा, "त्यो बघ!" दर वेळी बरोबर. आम्ही खूश, म्हटलं डोळे सुधारले की काय!

मग बघितलं, तर हात करताना त्याचे डोळे मिटलेले. कानाने ओळखत होता.

*

हिमनदीच्या दिवशी नेमकं धुकं. चार हातांवरचं दिसेना. बोट थांबली. गाइडने आमच्याकडे बघून नुसती मान हलवली. एवढ्या लांब येऊन हे! मला रडूच आलं.

दत्ता मात्र कठडा धरून उभा. "केवढी पांढरी गो, सुमन! सगळीकडे हीच! कॅलेंडरात एवढीशी होती!"

वहिनी त्याच्या शेजारी कठड्याशी जाऊन म्हणाली, "व्हय. केवढी!"

त्याला थंडी वाजायला लागली, म्हणून तिने केबिनमध्ये नेऊन झोपवलं. थोड्या वेळाने धुकं फाटलं. पार वर, डोंगराच्या खाचेत, मळकी चादर वाळत घातल्यासारखी एक पट्टी. गाइड म्हणाली, हीच हिमनदी, पूर्वी खाली पाण्यापर्यंत यायची.

पाटील धावत सुटला. "दत्ताला उठवतो!"

वहिनी केबिनच्या दारात आडवी उभी राहिली. "नको भावजी. त्यांची बघून झाली हाय."

आणि आत जाऊन तिने खिडकीचा पडदा ओढून घेतला.