जुना बोर्ड? बेडा!

बंगळुरात इतकी वर्षं काढून मला कन्नडमधला एकच शब्द ठसक्यात म्हणता येतो. बेडा. म्हणजे नको. भाजीवाल्याला पिशवी बेडा, हॉटेलात दुसऱ्यांदा सांबार बेडा. तर सर्जापूर रोडवरच्या कॉम्प्युटरच्या दुकानात दुरुस्तीवाल्याने विचारलं, ‘‘सार, हळे बोर्ड बेका?’’ जुना बोर्ड हवाय का, एवढं मला कळलं. कळल्याचाच आनंद इतका, की मी मान उडवून म्हणालो, ‘‘बेडा, अण्णा, बेडा!’’

घरच्या कॉम्प्युटरचा मदरबोर्ड गेला होता. हार्ड डिस्क मात्र धडधाकट. बोर्ड बदलायचा, डिस्क तीच लावायची, डेटा जागच्या जागी. हे मी बायकोला मोठ्या तज्ज्ञासारखं समजावलं होतं, कारण त्या डिस्कवर तिच्या आईचा आवाज होता. सासूबाई नागपूरच्या. त्यांचे रविवारचे फोन ती रेकॉर्ड करून ठेवायची. ‘‘काहून वं, जेवली का?’’पासून सुरुवात, मग वांग्यांचे भाव, मग शेजारणीचे गुडघे. सासूबाई गेल्यावर तिने त्यातलं एकही ऐकलं नव्हतं. ‘‘धीर झाला की ऐकीन,’’ म्हणायची. शेवटी धीर झाला, तर कॉम्प्युटर सुरू होईना. तिचा जुना फोन तर केव्हाच एक्स्चेंजमध्ये गेलेला.

नवा बोर्ड घालून मशीन घरी आणलं, बायकोसाठी खुर्ची ओढली आणि बटण दाबलं. निळ्या पडद्यावर एका लांबलचक आकड्याची मागणी आली.

मग आठवलं. ऑफिसात सुरक्षेवरचं व्याख्यान ऐकून आलो होतो, त्या भरात मी डिस्कला कुलूप घातलं होतं. जुन्या बोर्डाची डिस्कशी ओळख, म्हणून त्याने कधी काही विचारलं नाही. नवा बोर्ड परका, त्याला किल्ली हवी. किल्लीचा आकडा इंटरनेटवर जपून ठेवू का, असं मशीनने तेव्हा विचारलं होतं. मी नको म्हटलं. पेनड्राइव्हवर घेतला, पेनड्राइव्ह हरवेल म्हणून त्याच कॉम्प्युटरवर उतरवला, आणि पेनड्राइव्ह पुसून त्यात गाडीसाठी गाणी भरली. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेणारी माणसं असतात म्हणे. मी त्यांना हसत आलो होतो.

दुकानात परत गेलो.

‘‘डेटा किधर नहीं गया, सार. पूरा अंदर है,’’ तो म्हणाला. ‘‘पुराना बोर्ड स्वल्प रिपेअर करके एक बार चालू किया, तो खुलेगा.’’

‘‘मग करा ना! कुठंय तो?’’

त्याने माझ्याकडे पाहिलं. ‘‘आप ही बोला ना, बेडा.’’

बोर्ड भंगारवाल्याबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीत गेला होता. मीही गेलो. भंगारवाल्याने एक पोतं ओतलं. सगळे हिरवे, सगळे धुळकट. इतकी वर्षं आमच्या घरात राहिलेला त्यातला कुठला, हे मला ओळखता येईना. बहुधा तो त्यात नव्हताही. तरी मी बराच वेळ उकिडवा बसून उलथापालथ करत राहिलो, कारण उठलो की घरी जावं लागणार होतं.

घरी आलो. बायकोने माझे काळे हात बघितले आणि साबण पुढे केला. मीच म्हणालो, ‘‘सगळं आत शाबूत आहे गं. फक्त ऐकता येणार नाही.’’

ती मी ओढलेल्या त्या खुर्चीत बसली. मग म्हणाली, ‘‘प्रत्येक फोनच्या शेवटी आई विचारायची, जावईबापू हायेत का, दोन शब्द बोलतील का. तुम्ही समोरून हात हलवून नको म्हणायचात. आणि मी तिला सांगायचे, आंघोळीला गेलेत. तेही असेल त्यात.’’

उठून आत जाताना दारात थांबली. ‘‘कन्नडमध्ये ‘हवं’ला काय म्हणतात, तेवढं एकदा शिकून घ्या.’’