सेंटरच्या बाहेरचा फोटो

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढचं सगळं शिक्षण पोलोग्राउंडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, लोखंड फिरवून कातणाऱ्या लेथ मशीनवर झालं. गोल लोखंडाचं सेंटर मी नुसत्या नजरेनं काढायचो. स्वतःच्या तोंडानं सांगतो, कारण खरं आहे.

कारखाना बंद झाला. माझी मशीन भंगारात निघाली, त्या सकाळी ट्रक दारात लागलेला. एवढ्या वर्षांत तिचा एकही फोटो मी काढला नव्हता. म्हणून नातीला मोबाइल घेऊन सोबत नेलं.

मशीनसमोर, बरोबर मधोमध मी जमिनीवर खडूनं खूण केली आणि त्या खुणेवर उभा राहिलो. हात सरळ, छाती पुढे.

"आजोबा, पासपोर्टचा काढायचाय का? कडेला सरका. खिडकीकडे."

"फोटोत माणूस मधे असतो, बेटा."

"मग मशीन कुठे असते?"

मी हललो नाही. तिनं तसाच काढला आणि दाखवला. मी खांबासारखा, मशीन माझ्यामागे गायब. गुपचूप सरकलो.

"हात हँडलवर. माझ्याकडे नका बघू, कामाकडे बघा."

दुसरा फोटो पाहिला आणि बघतच राहिलो. मी पार एका टोकाला. खिडकीतलं ऊन लांबलचक मशीनवरून घसरत थेट माझ्या हातापर्यंत आलेलं. नजर आपोआप तिकडेच जात होती.

आमच्या कामात एक्सेंट्रिक जॉब असतो. त्यात लोखंड मुद्दाम सेंटरपासून सरकवून धरतात. किती सरकवायचं हे ज्याला कळतं, तो खरा मिस्त्री. मला ते जमायला बरीच वर्षं लागली. या पोरीनं लेथला कधी हात लावला नाही, आणि मला बरोब्बर तेवढंच सरकवलं होतं!

तरी खोट काढलीच. "पाय कापलेस."

"काम पायांनी केलंत का?"

मी फोटोतला हात पुन्हा पाहिला.

तेवढ्यात ट्रकवाला ओरडला, "भिया, टाइम हो गया, उठाने दो!"

नात म्हणाली, ऊन अजून थोडं खाली उतरलं की नुसत्या मशीनचा एक काढायचाय. मी दारात जाऊन आडवा उभा राहिलो.

"रुको भिया. बच्ची को काम करने दो."

तो बडबडत राहिला. मी मागे वळून पाहिलं नाही. फोटो कुठून काढायचा, ते तिला कळत होतं.